डोंगरात प्लॉट घेण्याआधी एक प्रश्न : ती जमीन आज कोण कसतंय?



दिवाळीपासून आमच्या मोबाईलवर एकच जाहिरात वेगवेगळ्या रूपांत येतेय. दहा-अकरा गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट, तारेचं कुंपण, समोर डोंगर, सुट्टीसाठी हक्काचं दुसरं घर. आधी या जाहिराती लोणावळा, मुळशी, महाबळेश्वरच्या असायच्या. आता त्यात आमच्या बीड जिल्ह्यातली नावं दिसायला लागली आहेत : मांजरसुंब्याचा घाट, कपिलधार, सौताडा. सोलापूर-धुळे महामार्ग होताच, १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर-बीड रेल्वेही धावू लागली. जिथं रस्ता आणि रूळ जातात तिथं प्लॉटवाला पोचतोच.

या जाहिराती आम्हाला कुणा सावकाराच्या पोरानं पाठवलेल्या नाहीत. आमच्याच माणसांनी पाठवल्या. पुण्यात नोकरीला असलेली, जयंतीला न चुकता गावी येणारी, वर्गणीला हात आखडता न घेणारी ही माणसं. ते विचारतात, "पाच-सहा जण मिळून घेऊ. मुळशीकडं बघायचं की आपल्या पाटोद्याकडं?"

आमचं उत्तर असं : कुठं घ्यायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ती जमीन आज कोण कसतंय?

लगेच काही जण म्हणतील, बौद्धाच्या पोरानं बंगला बांधायचं म्हटलं की तुम्हाला समाज आठवतो, पाटलाच्या पोराला कुणी विचारत नाही. हा आक्षेप खोटा नाही. ज्याच्या आज्याला वेशीच्या आत बसू दिलं नाही, त्याच्या नातवाला डोंगरावर आपल्या नावाची पाटी लावावीशी वाटली तर त्यात गैर काय? गरिबी मिरवा असं बाबासाहेबांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. तळेगाव दाभाड्यालाही त्यांचा बंगला होता. आमचा वाद घर बांधण्याशी नाही, ते कुणाच्या पायाखालची जमीन काढून बांधलं जातंय याच्याशी आहे.

बालाघाटाचा डोंगर जाहिरातीत रिकामा दिसतो. प्रत्यक्षात तो रिकामा नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांत डोंगराच्या उतारावर गायरानं आहेत, आणि त्यातली कित्येक दलित, भूमिहीन, भटक्या कुटुंबांनी दगड वेचून, बांध घालून वहितीखाली आणली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ चा आणि पुढं ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो या मागणीसाठीच. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी आणि मानवी हक्क अभियानानं गायरानाचा लढा गावोगाव नेला. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, उभी पिकं मोडलेली पाहिली, गावाचा बहिष्कार सोसला.

त्या लढ्याचं फळ म्हणून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमानुकूल करायची, असं त्यात ठरलं. पण कागद आणि तलाठी सज्जा यांच्यामध्ये तीस वर्षांहून जास्त अंतर पडलं. कितीतरी कुटुंबांचं नाव आजही गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीतच आहे. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकार.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. नवरा गेला, दोन लेकरं, तीन एकर गायरान. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दंडाच्या पावत्यांचं गाठोडं काढून आमच्यासमोर ठेवलं. "बाबांनो, तुम्ही शिकलेली पोरं. एवढ्या पावत्या बघा आन सांगा, ही जमीन माझी हाय का नाही?" समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. त्यांच्या बांधाला लागून असलेल्या खासगी गटात आता प्लॉटच्या खुणा रोवल्या आहेत, आणि प्लॉटवर जायचा रस्ता त्यांच्या बाजरीतून आखलाय. रस्त्याला विरोध केला तर तहसीलला एक अर्ज जाईल : गायरानातलं अतिक्रमण हटवा. अर्जदार कोण असेल? कदाचित पुण्याहून आलेला आमचाच एखादा भाऊ.

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, हे सगळे सांगतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलाय, हे मात्र कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानांची दखल घेतली, तेव्हा नोटिसा आधी कुणाच्या दारात पोचल्या ते आम्ही पाहिलंय.

आता 'सेकंड होम' या शब्दाबद्दल. या डोंगरातल्या हजारो कुटुंबांना दुसरं घर आधीपासूनच आहे. दसरा-दिवाळी झाली की ती कोयता घेऊन निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडाशेजारच्या कोपीत राहतात. ना दार, ना संडास, ना लेकरांची शाळा. एकाच गावात एक माणूस विश्रांतीसाठी दुसरं घर शोधतो आणि दुसरा पोटासाठी पहिलं घर बंद करून जातो. गावात कुणी नसतं नेमक्या त्या दिवसांत मोजणी होते, खुणा रोवल्या जातात, कुंपण पडतं. त्या मावशींचा कोयता सुटतो तो या तीन एकरांमुळं. ती गेली तर त्यांच्या लेकराच्या हातातही कोयताच येईल.

तिसरी गोष्ट पैशाची. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन घेऊन द्यायची योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानाची आहे. पण त्यात खरेदीच्या दराला मर्यादा आहे : जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. गुंठ्यावर प्लॉट विकले जाऊ लागले की या दरात कोण शेतकरी सरकारला जमीन देईल? जमीन मिळाली नाही असा शेरा पडतो, निधी पडून राहतो, विधवा आणि परित्यक्ता बाया यादीतच म्हाताऱ्या होतात. आमच्या पगारानं वाढवलेला भाव आमच्याच मावशीला बाजाराबाहेर काढतो. इथं कुणी वाईट हेतूनं वागत नाही, आणि म्हणूनच हे जास्त घातक आहे.

मग मुळशीत घ्या, तिथं आपलं कुणी नाही, असंही कुणी म्हणेल. तिथं कातकरी आहेत. धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह केलेल्या मावळ्यांचे वंशज आहेत. त्याच तालुक्यात लवासा उभं राहिलं, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घरासाठी पैसे भरलेले लोक अडकले. आदिवासीची जमीन गेली, मध्यमवर्गाची पुंजी अडकली. पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये गाजला, तेव्हा आपण सगळे संतापलो. मोठ्यांच्या व्यवहारावर संतापायचं आणि आपल्या दहा गुंठ्यांत डोळे मिटायचे, हे चालणार नाही.

तरीही कुणाला जमीन घ्यायचीच असेल, तर आमचं सांगणं एवढं :

एक, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२, इनाम, वतन, सीलिंग यातलं काही असेल तर बयाणा देऊ नका. 'इतर हक्क' हा रकाना आणि जुने फेरफार वाचल्याशिवाय सही नाही.

दोन, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी सहज घेता येत नाही. एजंट म्हणतो, सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो. असे गुंठे घेऊन तुकडेबंदीत अडकलेली माणसं गावोगाव सापडतील.

तीन, शेजारचा गट गायरान असेल तर १-ई ची नोंद मागा, आणि एजंटाची गाडी सोडून वस्तीवर चालत जा. कोण कसतंय, रस्ता कुठून जातो, स्मशानभूमी कुठं आहे, उन्हाळ्यात टँकर येतो का, हे विचारा. जिथं माणसांना टँकर लागतो तिथं पोहण्याच्या टाक्यासाठी बोअर घेणं हा गुन्हा नसेल, पण ते करुणेत बसत नाही.

चार, पाच-सहा जणांनी प्लॉटसाठी काढलेल्या रकमेतला एक हिस्सा बाजूला काढा. त्यात गायरानधारकांचे पुरावे गोळा होतील, प्रस्ताव नीट दाखल होतील, वकिलाची फी भागेल. सुट्टीचे चार दिवस डोंगरात घालवायचे असतील तर त्यातला एक दिवस तलाठ्याच्या टेबलासमोर घालवा. तुमचं शिक्षण तिथं जास्त कामाला येतं.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते कोकणातल्या डोंगरउतारावर राबणाऱ्या सगळ्या जातींच्या कुळांसाठी. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात त्यांनी शिकलेल्या माणसांबद्दलची खंत बोलून दाखवली. ती खंत त्या पिढीबरोबर संपली असं आम्हाला वाटत नाही.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यावर अजून उधार आहे. पावत्यांच्या झेरॉक्स काढून झाल्यात, प्रस्ताव लिहितो आहोत. तुमच्यातल्या ज्यांना पाटोद्याकडं यायचंच आहे, त्यांनी प्लॉट बघायच्या आधी आमच्याबरोबर तहसीलला यावं.

जय भीम! जय संविधान!