दुसरी वाट

१९७७ साली इटलीतील बोलोन्याच्या आधुनिक कलादालनाच्या प्रवेशद्वारात मरीना अब्रामोविच आणि उलाय विवस्त्र, समोरासमोर उभे राहिले. आत जायचे तर दोघांच्या मधूनच, अंग चोरून जावे लागे. जाताना तोंड बाईकडे करायचे की पुरुषाकडे, हे तिथल्या तिथे ठरवावे लागे. ‘इम्पॉन्डरेबिलिया’ ही कृती एवढीच. सुमारे दीड तासाने पोलिसांनी ती थांबवली.

२०१० साली न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ने आणि २०२३ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीने ती पुन्हा सादर केली. या वेळी मोबदल्यावर घेतलेले कलाकार पाळीपाळीने उभे होते. आणि ज्यांना संकोच वाटेल त्यांच्यासाठी बाजूने दुसरी वाट होती.

माझे भांडण या दुसऱ्या वाटेशी आहे. दारातली अडचण हीच ती कलाकृती होती. बोलोन्यात खऱ्या अर्थाने उघडा पडत होता तो कपडे घातलेला प्रेक्षक. त्याला पळवाट दिली की उरतात दोन नग्न शरीरे आणि मधून जाऊन आल्याची फुशारकी.

अब्रामोविच यांचे म्हणणे असे की, संगीतरचनेप्रमाणे अशा कृतीही पुन्हा सादर व्हाव्यात. पण बंदिश मुळात पुन्हा गाण्यासाठीच बांधलेली असते. शिवाय २००५ साली गुगेनहाइममध्ये त्यांनी सात रात्री, रोज सात तास, बहुतेक जुन्याच कृती केल्या, तेव्हा पणाला लावले ते स्वतःचे शरीर. त्या पुनःप्रयोगाला म्हणूनच काही अर्थ होता.

कोणी म्हणेल, आजच्या संग्रहालयाला सुरक्षितता पाहावी लागते. जरूर पाहावी. पण कोणाची? ‘मोमा’त काही प्रेक्षकांनी कलाकारांच्या अंगाला नको तसे हात लावले, त्यांना बाहेर काढावे लागले. दुसरी वाट त्या कलाकारांच्या काय कामाची? ती सोय प्रेक्षकाची. बोलोन्यात जोखीम कलावंत आणि प्रेक्षक दोघांनी वाटून घेतली होती. आता दोघेही सुटले. ती सगळी पाळीवर उभ्या असलेल्यांच्या अंगावर आली.

संग्रहालयांनी छायाचित्रे लावावीत, चित्रफिती दाखवाव्यात, पोलिसांनी काय केले ते सांगावे. नवा प्रयोग करायचा तर नव्या नावाने करावा. दुसरी वाट बंद करण्याची हिंमत नसेल, तर पहिल्या वाटेवर १९७७ची पाटी लावू नये.