मोकळे करणारे देणे

रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली बाकांमधून फिरू लागते, तेव्हा आया लेकरांच्या मुठीत एखादे नाणे देतात आणि त्यांच्याच हाताने ते थैलीत टाकवतात. मसोलीपासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून हा संस्कार असा अगदी लहानपणी होतो. सुगीच्या उपासनेत नाण्याऐवजी नवे भात, भोपळे, फळे येतात, त्यांचा लिलाव होतो आणि हसतखेळत चार पैसे जमतात. मोठेपणी मग दशमांशाची गोष्ट निघते. उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा! तो पगारातून कापलेल्या रकमा धरून काढायचा की हातात पडलेल्या पैशातून, यावर घराघरात वाद रंगतात.

किती द्यावे, याचा असा काटेकोर हिशेब आपण करतो. पण दिल्यानंतर घेणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खरे तर दानाची कसोटी तिथेच लागते.

डहाणू-तलासरीच्या मातीला हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. इथल्या वारली तरुणाला लग्न करायचे तर पैसा जमीनदाराकडून मिळे. अडल्यावेळी दिलेला पैसा, म्हणजे वरवर पाहता उपकारच. पण त्या बदल्यात नवराबायको दोघांनी सावकाराच्या शेतावर आणि घरी राबायचे, कर्ज फिटेपर्यंत. आणि ते फिटतच नसे. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. शंभर-दोनशे रुपयांपायी माणसाचे अख्खे आयुष्य गहाण पडे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा लढा उभा राहिला आणि लग्नगड्यांची सुटका झाली. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला वारल्यांनी छातीवर गोळ्याही झेलल्या. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. देशभरातील वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

हा लढा लाल बावट्याखालचा होता, चर्चचा नव्हता. तरीही बायबल उघडून बसणाऱ्याने त्याकडे पाठ फिरवू नये. कारण अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात हाच विषय आहे. दर सातव्या वर्षी ऋण सोडून द्यावे, कर्जापायी दास झालेल्याला मुक्त करावे आणि तेही रिकाम्या हाताने नव्हे, तर कळपातले आणि खळ्यातले काही बरोबर देऊन, असे तिथे सांगितले आहे. सुटलेला माणूस उद्या पुन्हा त्याच दारात उभा राहू नये, एवढी दूरदृष्टी त्या नियमात आहे. त्याच्याच आधीच्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवावा आणि परका, पोरका व विधवा यांनी त्यातून पोटभर जेवावे, असे म्हटले आहे. दशमांशावर बोलताना आपण टक्क्यापाशी थांबतो. त्या जेवणाच्या पंगतीपर्यंत पोहोचत नाही.

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट तर प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते. तिने आपली सारी उपजीविका टाकली म्हणून येशूने तिची थोरवी सांगितली. पण मार्कच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या लगेच आधी येशू कोणावर कोरडे ओढतो, ते पाहावे. लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर! हे दोन प्रसंग शेजारी शेजारी वाचले की विधवेच्या श्रद्धेला नमस्कार करावासा वाटतो आणि तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या, हेही विचारावेसे वाटते. गरिबाच्या त्यागाची स्तुती करून त्याची गरिबी तशीच राहू देणे सोपे असते.

आता दुसरी बाजू. या भागात परदेशातूनही देणे आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या ब्रेदरन मिशनने डहाणूत दवाखाना चालवला. त्यासाठी पैसा आला तो मुख्यत: तिकडच्या साध्या मंडळ्यांच्या अर्पणांतून. अशा पैशाबद्दल आपल्याकडे एक शंका नेहमी घेतली जाते. हे दान की धर्मांतराचे आमिष? ही शंका उद्धटपणे उडवून लावण्यात अर्थ नाही.

पंडिता रमाबाईंना तिला तोंड द्यावे लागले होते. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली. दरवर्षी निदान एक डॉलर, अशी दहा वर्षे देण्याची वचने तिच्या सभासदांनी दिली. त्यातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्याला गेले. शाळेत धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले. ते उघडउघड ख्रिस्ती होते. पण तिथे आयते खात बसणे नव्हते. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकल्या आणि रमाबाईंनी मराठीत आणलेले बायबल त्यांनीच छापले. दानावर आलेली मुलगी हाताला हुन्नर घेऊन उभी राहिली, ही या कार्यातली मोठी कमाई.

म्हणून कसोटी सरळ आहे. औषधाच्या बाटलीबरोबर श्रद्धेचे बिल येत असेल, तर ते दान नव्हे, उधारी आहे. आपल्या उजव्या हाताचे देणे डाव्यालाही कळू नये, असे सांगणाऱ्या गुरूच्या नावाने ती वसूल करणे तर अधिकच विसंगत. पण कोणी जवळ येऊन मदत केली की तिच्यात डाव शोधायचा, ही सवयही माणुसकीला शोभणारी नाही. घेणारा आपल्या मनाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला मोकळा राहिला का, एवढे पाहावे.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा स्वत: हलाखीत असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी हौसेने आपला वाटा उचलला. देण्याचा हक्क त्यांनी मागून घेतला! आणि पैसा पोहोचवायला पौलाने इतर विश्वासू माणसे बरोबर घेतली. कोणी बोट दाखवायला नको म्हणून. देणगीचा चोख हिशेब ठेवणे हाही भक्तीचाच भाग आहे, हे चर्चच्या, मंदिराच्या आणि ट्रस्टच्या कारभाऱ्यांनी त्याच्याकडून शिकावे. मिझोरमच्या ख्रिस्ती घरांत शंभराहून अधिक वर्षे बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. घेणारे म्हणून ओळखली गेलेली माणसे देणारी होतात, तेव्हा त्यांची मान ताठ होते.

नाताळ आला की आपण कपडे आणि मिठाई घेऊन पाड्यावर जातो, फोटो निघतात. जावे, जरूर जावे. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, वाडीत चिकू उतरवणाऱ्या माणसाची मजुरी वेळेवर आणि पुरेशी दिली का, त्याची उचल आपण किती वर्षे त्याच्या डोक्यावर ठेवली, हे आधी पाहावे. लग्नगड्यांच्या मुलुखात उचलीचे पान कोरे करून टाकण्याइतके पवित्र दान दुसरे कोणते असणार?