पेटीबाहेरचा एकटा बिंदू

#थ्रेड १/८
आकड्यांच्या नोंदी हाती आल्या की इतिहासाचा अभ्यासक सरासरी काढून मोकळा होतो. नोंदींमधला मतभेद मात्र त्या एका आकड्याखाली गाडला जातो. तो मतभेद डोळ्यांना दाखवणारी आकृती म्हणजे बॉक्स प्लॉट. ती काढता आली पाहिजे. आणि तिच्यावर कुठवर विसंबावे, हेही उमगले पाहिजे.

२/८
मेरी एलिनॉर स्पिअर यांच्या १९५२ च्या पुस्तकात या आकृतीचे पूर्वरूप आढळते. तिला आजचे रूप दिले ते अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी. १९७७ च्या त्यांच्या ग्रंथानंतर ती सर्वत्र रुळली.

३/८
आता एक अस्सल उदाहरण. १८७९ साली अमेरिकेतील ॲनापोलिस येथे अल्बर्ट मायकेल्सन या २६ वर्षांच्या नौदल अधिकाऱ्याने फिरत्या आरशाच्या साहाय्याने प्रकाशाचा वेग १०० वेळा मोजला. पहिल्या २० नोंदी चढत्या क्रमाने (सेकंदाला किलोमीटर, प्रत्येकीत २,९९,००० मिळवावेत):
६५०, ७४०, ७६०, ८१०, ८५०, ८५०, ८८०, ९००, ९३०, ९३०, ९५०, ९६०, ९६०, ९८०, ९८०, ९८०, १०००, १०००, १०००, १०७०.

४/८
दहाव्या आणि अकराव्या नोंदीच्या मधोमध येतो मध्यक: ९४०. खालच्या दहांचा मध्यक ८५०, हे पहिले चतुर्थक; वरच्या दहांचा ९८०, हे तिसरे. ८५० ते ९८० अशी पेटी काढावी आणि ९४० वर आडवी रेघ मारावी. निम्म्या नोंदी या पेटीत सामावतात.

५/८
पेटीची उंची १३०. तिची दीडपट १९५. पेटीच्या दोन्ही टोकांपासून एवढ्या अंतरात जी शेवटची नोंद सापडेल, तिथवर मिशा ओढाव्यात: खाली ७४०, वर १०७०. खालची मर्यादा ६५५ असल्याने ६५० बाहेर राहते. तिच्यासाठी वेगळा बिंदू.

६/८
इथेच मोह होतो: हा बिंदू चुकीचा ठरवून खोडून टाकावा. पण हवेतल्या या मापनांशी तुलना करता येईल असे आजचे मूल्य याच मोजपट्टीवर सुमारे ७३५ आहे. मध्यक त्यापासून २०५ ने दूर, तर ‘बहिष्कृत’ ६५० केवळ ८५ ने. सत्य तर पेटीच्याही बाहेर!

७/८
६५० ही नोंद अचूक होती, असा याचा अर्थ नव्हे. वीसपैकी एकोणीस नोंदी सत्याच्या एकाच बाजूला झुकल्या होत्या, हे महत्त्वाचे. आकृती नोंदींचे आपसातील अंतर सांगते. सत्यापासूनचे अंतर तिला ठाऊक नसते.

८/८
एकाच दरबारातून निघालेल्या दहा कागदांचे एकमत हा दहापट पुरावा ठरत नाही, हे इतिहासकार जाणतो. आकड्यांनाही तोच न्याय हवा. टुकींच्या रीतीने वेगळा पडलेला बिंदू पुन्हा तपासण्यासाठी असतो. तपासाआधीच त्याला खोडणे म्हणजे साक्षीदाराचे न ऐकताच निकाल देणे.