मॉर्फिनची गोळी फळीवर ठेवू नका

गावात कुणाला तोंडाचा कॅन्सर झाला की शेवटी शेवटी त्या घरातून रात्रभर कण्हणे ऐकू येते. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेले असते, पण कुणीतरी शहाणा सांगतो, ''अहो, ही तर अफूची गोळी! सवय लागेल.'' झाले, पाकीट फळीवर. ज्याचे दिवस मोजके उरलेत त्याला सवयीचे भय घालणारे आपण कोण?

मॉर्फिन अफूपासून काढतात, हे खरेच. १९८५ च्या कायद्याने ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली, तरी मान्यताप्राप्त रुग्णालयापर्यंत हेलपाटे चुकत नाहीत. एवढे करून आणलेली गोळी नीट तरी द्या.

साधी गोळी बहुधा दर ४ तासांनी असते. दुखणे उसळायची वाट पाहू नका, घड्याळ पाहून द्या. १२ तासांची गोळी मात्र कुटून, विरघळवून कधीच देऊ नका. सगळे औषध एकदम अंगात उतरते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठ होतेच, पोट साफ होण्याचे औषध मागून घ्या. दारू नकोच. मनाने डोस वाढवणे नको, एकदम तोडणेही नको. पहिले काही दिवस गुंगी येते, पण हाका मारूनही जाग येईना, श्वास मंदावला, तर पुढची गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि शेजारच्या तात्यांची कंबर धरली म्हणून त्यातली एक त्यांना देऊ नका! पोरांच्या हाती लागू नये म्हणून पाकीट पेटीत, कुलपात ठेवा. माणूस गेल्यावर दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत त्या पेटीची आठवण कुणाला राहत नाही. उरलेल्या गोळ्या मोजून रुग्णालयात परत नेऊन द्या.