गणवेशाच्या छायेतील संसद

लष्करशहा सत्तेवर आला की संसदेला टाळे लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाकिस्तानात ऑक्टोबर १९९९मध्ये तसे घडलेही. मात्र जनरल परवेझ मुशर्रफ यांच्या राजवटीचा खरा धडा २००२ नंतरच्या पाच वर्षांत आहे. या काळात संसद नियमित भरत होती. निर्णय मात्र अन्यत्र होत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये लष्करी उठाव वैध ठरवून निवडणुकीसाठी तीन वर्षांची मुदत दिली. मतदानाच्या आधीच, ऑगस्ट २००२मध्ये, मुशर्रफ यांनी 'लीगल फ्रेमवर्क ऑर्डर' काढून संसद बरखास्तीचा अधिकार स्वतःकडे घेतला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत ३४२ सदस्यांच्या नॅशनल असेंब्लीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. पीपल्स पार्टीतील एक गट फुटला आणि मीर जफरुल्ला जमाली १७२ मतांनी, म्हणजे काठावरच्या बहुमताने, पंतप्रधान झाले.

या आदेशाविरुद्ध विरोधकांनी वर्षभर सभागृह दणाणून सोडले. अखेर डिसेंबर २००३मध्ये धार्मिक पक्षांच्या मुत्तहिदा मजलिस-ए-अमल आघाडीशी समझोता होऊन सतरावी घटनादुरुस्ती संमत झाली. ३१ डिसेंबर २००४पर्यंत गणवेश उतरविण्याचे आश्वासन हा त्याचा मोबदला होता. प्रत्यक्षात त्याच संसदेने मुदतीपूर्वी साधा कायदा करून राष्ट्राध्यक्ष व लष्करप्रमुख ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे ठेवण्यास मुभा दिली. दोन-तृतीयांश बहुमताने झालेला सौदा साध्या बहुमताने निकालात निघाला.

जून २००४मध्ये जमाली पायउतार झाले, तेही अविश्वास ठरावाविना. त्यांच्यानंतर चौधरी शुजात हुसेन आणि शौकत अझीझ असे आणखी दोन पंतप्रधान या सभागृहाने पाहिले. तिजोरीच्या किल्ल्यांचीही तीच गत होती. २००८पर्यंत संरक्षण खर्चाचा संसदेसमोर एकच ठोक आकडा येत असे. तपशील विचारण्याची सोयच नव्हती.

या असेंब्लीने नोव्हेंबर २००७मध्ये पाच वर्षांची मुदत पूर्ण केली. १९९०, १९९३ आणि १९९६मध्ये मात्र बेनझीर भुट्टो व नवाझ शरीफ यांची सरकारे राष्ट्राध्यक्षांनी मुदतीआधीच बडतर्फ केली होती. सभागृहाचे आयुष्य हे त्याच्या सामर्थ्याचे माप ठरत नाही, हे यातून दिसते. बरखास्तीची तलवार ज्याच्या हाती, त्याला अडचणीचे न ठरणारे सभागृह दीर्घायुषी होते.

तरीही ही चौकट अगदीच पोकळ ठरली नाही. फेब्रुवारी २००८च्या निवडणुकीत मुशर्रफ यांचे समर्थक पराभूत झाले. ऑगस्टमध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने महाभियोगाची तयारी केली आणि १८ ऑगस्ट रोजी त्यांनी राजीनामा दिला. २०१०मधील अठराव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचा बरखास्तीचा स्वेच्छाधिकारही गेला. घटनेतील कलम रद्द केल्याने लष्कराचे वजन आपोआप घटत नाही, हे खरेच. परंतु आपल्या सत्तेला वैधतेचा शिक्का मिळावा म्हणून ज्याने संसद भरवली, त्यालाच तिच्यातील बदललेल्या संख्याबळाने घरी जाणे भाग पाडले.