शाल, नारळ आणि परीक्षकाची खुर्ची

गतवर्षीं समाजकार्याच्या एका वर्गांत आम्ही पाहुणे म्हणून बसलों होतों. दारूच्या व्यसनांतून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांस त्या दिवशीं बोलाविलें होतें. त्यांनीं पाऊण तास आपली कहाणी सांगितली. कित्येकांनीं डोळे पुसले. प्राचार्यांनीं शाल व नारळ दिला. गृहस्थ जिना उतरतात न उतरतात तोंच प्राध्यापकांनीं फळ्यावर त्यांच्या आयुष्याचे पांच टप्पे पाडून दाखविले. त्यांतील तिसरा टप्पा गृहस्थांनीं नुकत्याच सांगितलेल्या हकीकतीशीं मुळींच जुळत नव्हता; परंतु तें दाखवून देण्यास ते तेथें होतेच कोठें? ते बसच्या रांगेंत उभे होते.

यास जर सहभाग म्हणावयाचें, तर प्रदर्शन कशास म्हणावें, हें आम्हांस समजत नाहीं.

इंग्लंडांत २००३ सालीं समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली, तेव्हां ज्यांनीं या सेवा स्वतः घेतल्या आहेत अशांस विद्यार्थ्यांची निवड, अध्यापन व परीक्षा या कामांत घेणें शिक्षणसंस्थांस बंधनकारक झालें. आमच्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर अशा आजारांतून गेलेल्यांच्या प्रतिनिधींस जागा दिली आहे. म्हणजे सरकारच्या मसलतीस जो मनुष्य चालतो, तो आमच्या वीस गुणांच्या तोंडी परीक्षेस चालत नाहीं!

यावर आमचे पंडित म्हणतात, “अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, एकाचें दुःख सर्वांचें नव्हे.” हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जो एका वाटेनें सुटला तो त्याच वाटेचा आग्रह धरतो, हें आम्हीं पाहिलें आहे. त्यासही अध्यापनाची तयारी करून द्यावी लागेल. पण ती तयारी नव्या प्राध्यापकांसही लागतेच कीं! उलट अर्जाची पानें भरून घेतांना कार्यकर्ता मान वर करून पाहतो कीं नाहीं, “उद्यां या” एवढ्या दोन शब्दांनीं कोणाची एका दिवसाची मजुरी बुडते, हें खिडकीच्या अलीकडे बसून आयुष्य काढलेल्या आम्हां पदवीधरांस कोणत्या ग्रंथांतून कळणार?

ही कल्पना परकी आहे असेंही कोणी समजूं नये. कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलेल्या अनाथबालिकाश्रमासाठीं स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले वर्गणी मागत हिंडल्या. १९८६ सालीं निघालेल्या पुण्याच्या मुक्तांगणांत तर व्यसनांतून सुटलेले रुग्णच समुपदेशक होत आले. तेथें त्यांस कोणी शाल पांघरून घरीं पाठविलें नाहीं; कामास लाविलें, आणि कामाचें वेतन दिलें. वेतनाची गोष्ट आम्ही मुद्दाम काढीत आहों, कारण पाहुण्या व्याख्यात्यास मानधन आणि भोगलेल्यास नारळ, हा भेद आमच्या विद्यालयांत कोणासही खटकत नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं त्या प्राचार्यांस पत्र घातलें, कीं पुढील तोंडी परीक्षेस त्या गृहस्थांस परीक्षक नेमावें. उत्तर तत्परतेनें आलें. त्यांत एवढीच पृच्छा होती, कीं सदर गृहस्थ पदव्युत्तर परीक्षा कोणत्या वर्गांत उत्तीर्ण झाले आहेत?