सूत्रकृमी आणि दुर्लक्षाची सात वर्षे

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमी अभ्यासले जातात ते शत्रू म्हणून. डाळिंबाच्या मुळांवर गाठी कोणी आणल्या, हे अहिल्यानगरच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही.

त्यांचाच दूरचा आप्त 'सी. एलेगन्स' मात्र निरुपद्रवी: जेमतेम एक मिलिमीटर लांब, जिवाणूंवर जगणारा. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांना त्याच्यात 'लिन-४'चे कार्य उलगडले. हा चिमुकला आरएनए स्वतः प्रथिन घडवत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे प्रथिन घडणे रोखतो. ही कृमीचीच तऱ्हा, असे मानून बहुतेकांनी पाठ फिरवली. २००० साली 'लेट-७' हा तसाच रेणू माणसातही सापडला, तेव्हा कुठे जग जागे झाले. नोबेल आले २०२४ मध्ये!

इतिहासाच्या अभ्यासकाने पारितोषिकाच्या वर्षापेक्षा त्या मधल्या सात वर्षांकडे पाहावे. "शेतकऱ्याला उपयोग काय?" हा प्रश्न रास्तच, पण तो पहिल्याच दिवशी विचारला की संशोधन तिथेच आटोपते. १९९८ साली याच कृमीत फायर आणि मेलो यांनी दुपदरी आरएनए टोचून हवे ते जनुक मूक करून दाखवले (त्यांना नोबेल लवकर मिळाले, २००६ मध्ये). मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर आज प्रयोगशाळांत हेच अस्त्र अजमावले जात आहे.